खानावळीचं चूलबंद आमंत्रण

काशीच्या हातची तांदळाची भाकरी एवढी पातळ असायची, की उजेडापुढे धरली तर पलीकडून जाणारा ट्रक दिसला असता. निदान बायडी तरी असं सांगायची, आणि बायडी थापा मारतानाही चेहरा इतका गंभीर ठेवायची की समोरच्याला विश्वास ठेवावाच लागायचा. पण नुसती भाकरी पातळ असून काय होतं? ती खायला माणूस लागतो. कशेळीच्या रस्त्यावरून दिवसभर माणसांचा लोंढा वाहायचा, ट्रक, टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली, एकमेकांच्या शेपटीला नाक लावून उभे असायचे, आणि त्यातला एकही काशीच्या खानावळीकडे मान वळवायचा नाही.

खानावळ होती गोदामांच्या रांगेत. एका अंगाला साबणाचं गोदाम, दुसऱ्या अंगाला टायरचं. त्यामुळे वारा जिकडून येईल तसा काशीच्या कालवणाला कधी लिंबाच्या साबणाचा वास यायचा, कधी रबराचा. वर पत्रा, खाली चार बाकडी, मागे चूल. चुलीपाशी दोघी, काशी आणि पडघ्याकडच्या पाड्यावरून रोज टेम्पोने लटकत येणारी बायडी.

जागा काशीच्या मोठ्या दिराची, केसरीनाथची. खरं म्हणजे त्यात काशीच्या गेलेल्या नवऱ्याचाही वाटा होता, महादूचा, पण महादू गेल्यावर तो वाटा कुठे गेला हे कुणी विचारलं नाही आणि काशीनेही नाही. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली तसा केसरीनाथचा केसरीनाथशेठ झाला होता. गळ्यात अंगठ्याएवढी जाड साखळी, पायात पांढरे बूट, आणि दार कायम उघडं. आल्यागेल्याला जेवू घातल्याशिवाय तो सोडायचा नाही. तो वाईट माणूस नव्हता, पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

गुढीपाडव्याला त्याने सांगितलं होतं, "काशी, तुला हौस हाय ना, मंग चालव. तुलशीच्या लग्नापर्यंत जागा तुजी. गिऱ्हाईक लागला तर पुढं पन तुजीच. न्हाय लागला तर गोदामवाला कधीचा थांबलाय."

आणि जागा गोदामवाल्याला गेली की मग? मग काही नाही. काशी पुन्हा मोठ्या घरात, मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात. महादू गेल्यापासून ती तिथेच भाकऱ्या थापत होती. तिला कुणी कधी वाईट बोललं नव्हतं. कुणी कधी काही बोललंच नव्हतं. नळाला पाणी यावं तशा भाकऱ्या ताटात यायच्या, आणि नळाला कोण काय म्हणतं?

इथे मात्र पहिल्याच आठवड्यात साबणाच्या गोदामातला क्लार्क आला, राकेश नावाचा, चष्मेवाला, ठाण्याहून ये-जा करणारा. बोंबलाचं कालवण खाऊन म्हणाला, "मावशी, अजून एक भाकरी मिळेल?" आणि जाताना बाकड्यावर नोट ठेवून गेला. काशी त्या नोटेकडे किती वेळ बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिच्या भाकरीला कुणीतरी किंमत दिली होती, तीही न सांगता. त्या दिवसापासून तिला एकच भीती होती, तुळशीच्या लग्नाची. आणि एकच आशा, की त्याआधी पत्र्याखाली राकेशसारखी माणसं भरतील.

श्रावण संपला तरी पत्र्याखाली राकेश, टायरवाल्यांचा एक मुकादम आणि दोन मांजरं एवढीच मंडळी होती.

तेव्हा आला प्रितेश. केसरीनाथचा मुलगा. केसांना जेल, कानाला मोबाइल, ठाण्यात रविवारी रविवारी मार्केटिंगचा क्लास. बाकड्यावर पाय वर घेऊन बसला आणि डॉक्टरने नाडी धरावी तसा चेहरा केला.

"काकी, तुमच्याकडं टेस्टचा प्रॉब्लेम न्हाय. पब्लिसिटीचा हाय."

"माझ्याकडं पत्र्याचा हाय. गळतो."

"गळू दे. आमचे सर सांगतात, माल घरात किती पन चांगला असू दे, लोकांच्या तोंडात नाव पायजे."

"नाव कशाला तोंडात," बायडी म्हणाली, "भाकरी घालू दे की."

प्रितेश पेटला तो पेटलाच. आधी केबलवर पट्टी सोडली. दुपारच्या मालिकेच्या खालून काशीची खानावळ सरकत गेली, एका बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुसऱ्या बाजूला हरवलेली म्हैस. फोन आले, पण सगळे म्हशीबद्दल, कारण दोन्हीकडे नंबर प्रितेशचाच होता. म्हैस त्याच्या मित्राची होती. मग रिक्षाला भोंगा बांधून नारपोलीपर्यंत फिरवला. तिथे कापडाच्या लूमच्या खडखडाटात भोंगा कुणाला ऐकू जाणार? रिक्षावाल्याचा घसा बसला, बाकडी रिकामीच.

"आता मोठं कायतरी कराला लागेल," प्रितेश म्हणाला. "पेपरमध्ये यायला पायजे."

दसऱ्याचा बेत ठरवायला मोठ्या घराच्या ओटीवर बैठक बसली. केसरीनाथ झोपाळ्यावर, प्रितेश उभा, काशी दाराच्या चौकटीला टेकून. प्रितेशने हात हलवत हलवत सगळं मांडलं. दसऱ्याच्या दिवशी पहिल्या पन्नास थाळ्या फुकट. मग लाइन लागणार. लाइन लागली की रस्त्यावरचे थांबून बघणार. पेपरवाला लाइनीचा फोटो काढणार. दुसऱ्या दिवसापासून तीच लाइन, पण पैसे देऊन.

केसरीनाथने झोपाळा थांबवला. "पन्नास. आनि एक्कावन्नावा आपला लडकूमामा असला तर?"

"त्यांना आधीच पुढं उभं कराचं."

"मामाला लाइनीत उभा करू?"

"दादा, ही स्ट्रॅटेजी हाय."

"माज्या दारात मानूस ताट हातात घेऊन उभा रहील, आनि मी त्याला सांगू, संपला, जा?"

काशीच्या डोळ्यांपुढे ती लाइन उभी राहिली. उन्हात, ताटं घेऊन. आपल्यात माणसं पंगतीला बसतात. लाइन लावून जेवतात ते भिकेला. तिच्या दारात, तिच्या हातचं, आणि असं? आणि ज्या बाईने त्या ओटीवर आजवर पाण्याचा तांब्या ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ती बोलली.

"सांगाचं तर चूलबंद सांगा, दादा. न्हायतर सांगूच नका."

आता चूलबंद म्हणजे काय ते ज्याच्या घरी असं आमंत्रण गेलंय त्यालाच कळेल. लग्नाला, हळदीला गावात सांगणं जातं, ते कधी एका माणसाला असतं, कधी जोडप्याला. पण चूलबंद सांगितलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, तान्हं, घरी आलेला पाहुणा, गुराख्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. त्याच्यापेक्षा मोठा मान नाही. आणि आजवर हे कुणी घराच्या बाहेर सांगितलं नव्हतं. दुकानाचं, खानावळीचं चूलबंद? कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

केसरीनाथने काशीकडे पाहिलं. खरंच पाहिलं, जणू ती आत्ताच आली होती.

"बघ," तो मुलाला म्हणाला, "हिला कलतं. तांदूल माजा. बाकीचा पन मी बघतो."

प्रितेशचे डोळे तर ट्रकच्या दिव्यांसारखे झाले. पन्नासाची लाइन कुठे आणि आसपासच्या आठ गावांची गर्दी कुठे. "काकी, तुम्ही आमच्या सरांच्या वर निघालात," तो म्हणाला. काशी आत गेली आणि विनाकारणच हंडा घासत बसली. तिला हसू आवरत नव्हतं.

बॅनर लागला तो केवढा. नाक्यावरचा अख्खा विजेचा खांब झाकला गेला. मध्यभागी केसरीनाथशेठ, काळा चष्मा, कानाला फोन, पाठीमागे कुठलातरी बर्फाचा डोंगर. त्याच्याभोवती शुभेच्छुकांची डोकी, वाटाण्यासारखी दाटीवाटीने. कोपऱ्यात नांग्या उगारलेली एक चिंबोरी. आणि सगळ्यात खाली, मोबाइल नंबरच्याही खाली, 'संयोजिका: सौ. काशीबाई'. बायडीला वाचता येत नव्हतं. तिने बराच वेळ एकेक डोकं बघितलं.

"यात तू कुठली?"

"खालची अक्षरं."

"अक्षरं तर टायरवाल्याची पन असतात. थोबाड कुठं तुजं?"

"जागा उरली न्हाय म्हनं." काशी 'सौ.' राहिली नाही याला किती वर्षं झाली, हे छापणाऱ्यांपैकी कुणालाच आठवलं नव्हतं.

दसरा उजाडला आणि गावंच्या गावं आली. टेम्पोतून आली, ट्रॅक्टरमधून आली, खाडीपलीकडून आली. बायका नथी घालून, पुरुष कडक इस्त्रीत, पोरं नव्या बुटांत लंगडत. बँजो पार्टी आली, कुणी बोलावली ते कळलं नाही. रस्त्याच्या कडेला मांडव घातला होता तो दुपारपर्यंत साबणाच्या गोदामाच्या फाटकापर्यंत वाढला. पंगतीवर पंगत उठत होती. काशी आणि बायडी यांच्या जोडीला गावातल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या, चुलींची ओळ लागली होती, धुराने सगळ्यांचे डोळे लाल, आणि तरी काशीला वाटत होतं, हाच आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस.

मग लडकूमामा आला. वाकलेला, काठी टेकत, तोंडात दात नावाला. जेवला, हात धुतला, सरळ चुलीपाशी आला आणि काशीच्या हातात एक कोरा टॉवेल आणि नारळ ठेवला.

"हे काय, मामा?"

"अहेर. चूलबंद सांगतंस आनि मी हात हलवत येऊ?"

काशीने सवयीनेच पदर डोक्यावर घेतला आणि मामाच्या पाया पडली. मामाच्या मागोमाग पंगतीतल्या बायकांनीही पिशव्या उघडल्या. ब्लाउजपीस, टॉवेल, स्टीलची पातेली, भिंतीवरची घड्याळं. आत बाकड्यावर ढीग लागला. जो तो देत होता आणि काशी घेत होती, दर वेळी वाकत होती. आपल्याकडे कुणी अहेर दिला तर तो नाही म्हणून परत करता येतो का? ते तिला सुचलंसुद्धा नाही. कुणालाच नाही.

पेपरवाला दोनदा जेवला आणि फोटो काढून गेला. फोटो खरोखर छापून आला. केसरीनाथशेठ डाव घेऊन वाढतायत, भोवती माणसांचा समुद्र. कडेला एक कोपर दिसत होतं, पिठाने माखलेलं. ते काशीचं.

"आलं का न्हाय पेपरात?" प्रितेश नाचत आला. "आता बघा उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी काशीने दुप्पट पीठ मळलं. आणि देवाशपथ, माणसं आली. बाराच्या आत चारही बाकडी भरली. लडकूमामा जावयाला घेऊन आला. खाडीपलीकडच्या तिघी आल्या, लेकरांसकट. काशीने वाढलं, पुन्हा वाढलं, आग्रह केला. सगळे पोटभर जेवले, तिच्या कालवणाचं तोंडभरून कौतुक केलं, बडीशेप चघळली आणि उठले.

"येतो गो सूनबाई," लडकूमामा म्हणाला आणि गेला.

बाकीचेही गेले. बाकड्यांवर ना नोट, ना नाणं.

"काकी, बिल मागायला नको?" प्रितेश कुजबुजला.

"काय मागू? त्यांनी दिलेला टॉवेल अजून खुंटीवर हाय."

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. ज्यांनी अहेर केला होता, ते गिऱ्हाईक कसे होतील? ते पाहुणे होते. त्यांच्या लेखी ते पत्र्याचं छप्पर आता केसरीनाथशेठचं रस्त्यावरचं घर झालं होतं, भिवंडीला जाता-येता दोन घास खायची हक्काची जागा. कुणी लबाड नव्हतं. कुणी येताना वांगी आणायचं, कुणी खाडीतली मासळी, निवट्या, आणायचं, काशीच्या पदरात घालायचं आणि जेवायला बसायचं. आणि केसरीनाथ तर रोज दुपारी येऊन मधल्या बाकड्यावर बसू लागला. "वाड त्याला, काशी. लाजतंय बघ," असं म्हणत.

एका दुपारी राकेश गोदामाच्या फाटकातून आला. आत इस्त्रीचे शर्ट, नथी, लेकरं, मध्ये शेठ. तो दारातच अडखळला.

"मावशी, घरचं कार्य आहे का?"

"न्हाय रे, ये ना, बस."

"नाही नाही, चालू द्या तुमचं. नंतर येईन." तो गेला आणि नंतर आला नाही. तो डबा आणायला लागला, असं बायडीला फाटकावरच्या वॉचमनने सांगितलं. मुकादम तर न सांगताच बंद झाला.

प्रितेश आता क्लासचं नाव काढत नव्हता. तरी त्याने हिंमत करून एक पाटी रंगवून आणली, 'जेवणानंतर बिल द्यावे', आणि खुंटीला लटकवली. दुपारी लडकूमामाने जावयाकडून ती वाचून घेतली. घास हातातच राहिला.

"सूनबाई, ही कोनासाठी?"

काशीने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा रागावला नव्हता. त्याच्या डोळ्यांत भलतंच होतं, देवळाबाहेर चप्पल हरवलेल्या माणसासारखं. ती एकदा बोलली असती, मामा, तुमच्यासाठीच, तर सगळं सुटलं असतं. निदान तिचं तरी. आणि दुसऱ्या दिवशी आठ गावांत झालं असतं, केसरीनाथच्या घरात चूलबंद सांगून माणसांना विकत जेवायला घालतात.

"बाहेरच्यांसाठी हाय, मामा," ती म्हणाली.

"मंग ठीक," म्हणून मामाने घास तोंडात घातला.

बायडीने चुलीत लाकूड सारलं. "बाहेरचे कुठं हायेत?" ती हळूच म्हणाली.

ते आले. अगदी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. ठाण्याची गाडी थांबली, नवरा-बायको आणि शाळेतली मुलगी उतरली. पेपरातला फोटो बघून खास वाट वाकडी केली होती. काशीने मागच्या चुलीवर त्यांच्यासाठी नवं कालवण टाकलं, वालाचं बिरडं दिलं, कोळंबी दिली, भाकऱ्या तव्यावरून सरळ ताटात. मुलीने चार खाल्ल्या. बाई म्हणाली, "अहो, आमच्या ऑफिसमध्ये सांगते मी. दर शनिवारी येऊ." काशीला वाटलं, सुरू झालं. इथून सुरू होतं. दर शनिवारी एक ऑफिस, मग दुसरं.

नवऱ्याने हात पुसले आणि पाकीट काढलं. "किती झाले?"

मामा, जावई, खाडीपलीकडच्या बाया, सगळे बघत होते. त्यांच्या पंगतीत, त्यांच्या शेजारी बसून जेवलेला माणूस पैसे काढत होता.

"ठेवा ते," केसरीनाथ मधल्या बाकड्यावरून म्हणाला. "आमच्याकडं आलेल्या पाहुन्याला हिसोब न्हाय."

"अहो, असं कसं?"

"असंच हाय. वाटेत घर लागला, जेवलात. पुन्यांदा या."

त्या माणसाने काशीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं की विचारायचं ते हिला. त्याच्या हातात नोटा होत्या, काशीचा ओला, पिठाचा हात पदराशी होता. दोघांच्या मध्ये एक बाकडं. ती नुसती पुढे झाली असती तरी पुरे होतं, बोलायचीही गरज नव्हती. मामा बघत होता. केसरीनाथ हसत होता, मनापासून, एखाद्या देवमाणसासारखा.

"ठेवा," काशी म्हणाली. "दादा म्हनतात तर ठेवा."

नोटा पाकिटात गेल्या. बाईने दोनदा आभार मानले. पण गाडीत बसताना ती नवऱ्याला म्हणाली ते काशीने ऐकलं: "बरं नाही वाटत असं. पुन्हा कसं यायचं?" ते पुन्हा आले नाहीत.

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात गोदामवाल्याने मोजमापं घेतली. केसरीनाथ काशीशी अगदी मऊ बोलला. "तू केलास, काशी. नाव झाला. पन धंदा म्हनून न्हाय ना चालला." ते खरंच होतं. बायडीला टायरच्या गोदामात झाडू मारायचं काम मिळालं. जाताना ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुजी भाकरी आठवली की टायर खाईन." दोघी हसल्या. मग बायडीने तोंड फिरवलं.

प्रितेश मात्र एका बाबतीत बरोबर ठरला. नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं. लग्नसराई लागली तशी माणसं केसरीनाथच्या ओटीवर येऊन बसायला लागली, हळदीला तुमच्या काशीला पाठवा म्हणून. नात्यात कोण कुणाला नाही म्हणतं? केसरीनाथ अभिमानाने पाठवायचा. काशी रोज नव्या गावात, नव्या चुलीपुढे, नव्या परातीत पीठ मळायची. संध्याकाळी तिला कपाळाला हळद लावून, ब्लाउजपीस देऊन परत सोडायचे.

खारबावकडच्या एका हळदीत, मांडवामागे, भाकऱ्यांची चळत कमरेएवढी झाली होती. डीजेने पत्रे हलत होते. घरातली एक नथवाली बाई ताट घ्यायला आली, वाकून बघत राहिली.

"तूच ना गो ती कशेळीची? आम्ही आल्तो तुज्याकडं. दोनदा. तिसऱ्यांदा आमचे जावई पन होते." ती उकिडवी बसली. "बंद का केलीस? केवढी गर्दी असायची. आम्हाला एकदा उभा ऱ्हावा लागला जागेसाठी."

काशीने तव्यावरची भाकरी उलटली.

"एवढी चालती खानावल कोन बंद करतं?" बाई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. मग काहीतरी आठवून तिचा चेहरा उजळला. "आमच्या धाकट्याची हलद फाल्गुनात हाय. तुज्याशिवाय भाकऱ्या न्हाय कराच्या कोनी. येशील ना?"

"दादांना सांगा," काशी म्हणाली आणि पुढचा गोळा हातावर घेतला.